चित्राला दाखवलेलं ताट

राजमान्य राजश्री आप्पासाहेब, मुक्काम फुलंब्री, यांना त्यांचे दाजी रामकिसन यांचा छत्रपती संभाजीनगरहून सप्रेम नमस्कार.

वहिनींनाही नमस्कार सांगा. तुमचा गुडघा आता कसा आहे? (डावा की उजवा ते विसरलो, ज्याला तुम्ही निरगुडीचा पाला बांधता तो.) गाय गाभण राहिली का? गव्हाला थंडी मानवली का? यापुढं ‘इकडील सर्व कुशल आहे’ असं लिहायची रीत आहे, पण आप्पासाहेब, या घरात कुशल असा एकटा मीच उरलो आहे आणि सगळ्या दुःखाचं मूळ तिथंच आहे. पत्र बघून तुम्ही दचकला असाल. खिशात फोन असताना सोयरा पत्र लिहितो म्हणजे एक तर जमिनीचा वाद असतो, नाही तर कुणीतरी गेलेलं असतं. दोन्ही नाही. फोनवर बोलता येत नाही एवढंच, कारण तुमचं नाव दिसलं की आवडा समोर येऊन बसते आणि ‘मोठ्यानं लावा, आप्पाचा आवाज मला बी ऐकू द्या’ म्हणते. मला बोलायचं आहे ते आवडाबद्दलच, म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीबद्दल, जी गेली चाळीस वर्षं माझ्या पदरी पडली आहे. (की मी तिच्या? हे पत्र वाचून तुम्हीच ठरवा.) तिच्या तब्येतीचं आहे. पण तिथपर्यंत जायला हात धजत नाही, म्हणून आधी स्वतःचं रडगाणं गातो. त्याचा मला सराव आहे.

गणपतीत माझ्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या हे तुम्हाला ठाऊकच आहे. (तुम्ही भेटायला येताना डिंकाचे लाडू आणले होते. ते नर्सबाईंनी ‘पेशंटला चालत नाहीत’ म्हणून काढून घेतले आणि नंतर त्या लाडवांचा पत्ता कुणालाच लागला नाही.) तेव्हापासून माझ्या तोंडावर सुनेचं राज्य आहे. प्रेरणा शेंद्र्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत कामाला आहे. तिथं ती दिवसभर रसायनं मोजते आणि घरी येऊन तेल मोजते. डॉक्टरांनी दिलेला आहाराचा कागद तिनं फ्रिजच्या दारावर चिकटवला आहे. त्यातल्या ‘टाळा’ या रकान्यात माझं सगळं आयुष्य मावलं आहे, तूप, लोणी, साय, तळण, पापड, लोणचं, खारे दाणे. ‘घ्या’ या रकान्यात दुधी आहे. सकाळी ओट्स नावाचा पदार्थ मिळतो. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आहे, त्यामुळं वस्तू ओळखण्यात माझी चूक होत नाही. भिंत रंगवण्याआधी पेंटर लोक जी लांबी भरतात, तीच ही, फक्त कोमट. दुधीबद्दल तर मी बोलतच नाही. त्याला चव नाही, वास नाही, आणि धड हिरवा म्हणावा तर तोही नाही. ब्रश धुतलेलं पाणी देवानं कुठंतरी ओतलं असेल, तिथं पहिला दुधी उगवला असावा.

या खाण्यावर माणूस जगतो, पण जगून काय करायचं ते त्याला कळेनासं होतं. मी रंग-ब्रश पेटीत टाकून दिले आणि खिडकीत बसून राहू लागलो. रोज सकाळी ओट्सची वाटी पुढं आली की मी म्हणायचो, यापेक्षा गणपतीतच गेलो असतो तर विसर्जनाबरोबर विषय मिटला असता. प्रेरणा हसायची. तुमचा भाचा ऋतुराज कंपनीच्या बसची वेळ झाली म्हणून निघून जायचा. आवडा वाटी उचलून आत जायची. मला वाटायचं, बाईला दगडाचं काळीज आहे.

वेळ जावा म्हणून मी थोर चित्रकारांची चरित्रं काढून बसलो. नोकरीत असताना ती मुलांना सांगायचो ती चित्रांसाठी. आता मी फक्त जेवणाखाणाची पानं वाचू लागलो. मला पुरावा हवा होता. तूप खाऊन थोर झालेला आणि दीर्घकाळ जगलेला एक जरी चित्रकार सापडला तरी मी तो डॉक्टरांच्या टेबलावर आपटणार होतो. पहिलाच घात मायकेलअँजेलोनं केला. हा माणूस नव्वदीला टेकला, आणि खायचा काय, तर पावाचा तुकडा आणि घोटभर वाइन, तेही काम करता करता. प्रेरणा म्हणाली, बघा बाबा, साधं जेवण. मी घाईघाईनं मोने पुढं केला. तो खाण्यापिण्याचा पक्का शौकीन, त्याच्याकडं पाहुण्यांच्या पंगती उठायच्या, आणि तोही ऐंशीच्या पुष्कळ पुढं गेला. यावर ती म्हणाली की त्याची स्वतःची भाज्यांची बाग होती आणि तो उन्हावाऱ्यात उभा राहून चित्रं काढायचा, तुम्ही खुर्चीत बसून काढता. (शिकलेली सून करून आणली याचा मला तोवर अभिमान होता.) शेवटी मोनेला घेऊन मी थेट डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी माझं सगळं म्हणणं कानात नळ्या घालून ऐकलं आणि म्हणाले, आता जोरात श्वास घ्या.

अशा हताश अवस्थेत असताना आमच्या निवृत्त कलाशिक्षकांच्या मंडळानं क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन ठरवलं, विषय ‘मराठवाड्याचं ताट’. ही बातमी वाचताच माझ्या डोक्यात जो विचार आला तो चित्रकाराचा नव्हता, उपाशी माणसाचा होता. शाळेत मी मुलांना एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांसाठी दोन विषय शिकवायचो. समोर वस्तू ठेवून काढायचं ते वस्तुचित्र आणि आठवून काढायचं ते स्मरणचित्र. आप्पासाहेब, माझ्या बाबतीत पुरणपोळी हा स्मरणचित्राचा विषय झाला होता. तो मला परत वस्तुचित्रात आणायचा होता. मी आवडाला सांगितलं की प्रदर्शनासाठी पुरणपोळी काढायची आहे आणि जगातल्या कुठल्याही मोठ्या चित्रकारानं समोर वस्तू नसताना असलं चित्र काढलेलं नाही. मला वाटलं होतं, ती म्हणेल आठवून काढा. पण तिनं एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं. मग पदर खोचला, आत गेली आणि हरभऱ्याची डाळ शिजत टाकली. चाळीस वर्षांत या बाईनं माझ्या एका चित्राला बरं म्हटलेलं नाही, आणि त्या दिवशी मी पेटीतून ब्रश काढतोय हे बघून ती पुरण वाटताना ओव्या गुणगुणत होती.

माझा बेत साधा होता. चित्र काढायचं आणि मग चित्राचा विषय खाऊन टाकायचा. पण ताट मांडून ती समोर स्टूल घेऊन बसली ती उठेचना. चित्र संपलं तसा हात पुढं केला आणि म्हणाली, “चितर झालं नव्हं? मंग ताट द्या इकडं.” मी म्हणालो, अन्न वाया घालवू नये. तर ती म्हणाली, वाया कोण घालवतंय. तिच्या हिशेबी चित्राला दाखवलेलं ताट आणि देवाला दाखवलेला नैवेद्य यांत फरक नाही. ते टाकायचं नाही, शेजारीपाजारी द्यायचं नाही, घरातल्यानंच खायचं. मला चालत नाही. ऋतुराज-प्रेरणा अंधार पडल्यावर घरी येतात, आणि प्रेरणा तर तुपाच्या वासानंच कागद दाखवते. उरलं कोण? तुमची बहीण. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून खायची आणि मी बाहेर दुधी गिळत तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकायचो. मला वाटायचं, ही मला खिजवायला खाते. (लहानपणापासून तिला गोड आवडत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. मला चाळीस वर्षांनी आत्ता आठवलं.)

मी हार मानली नाही. खव्याची पोळी काढली, लोण्याचा गोळा ठेवलेले धपाटे काढले, येसराची आमटी आणि तिच्यावरचा तर्रीचा तवंग काढला, गुलमंडीवरून आणलेली इमरती काढली. एकदा दाराची बेल वाजली आणि आवडा उठली, तेवढ्यात मी पोळीचा एक कोपरा मोडून तोंडात टाकला. ती परत आली, आधी चित्र बघितलं, मग ताट बघितलं, पुन्हा चित्र बघितलं. चित्रात पोळी अख्खी होती. मला तोंड उघडता येईना, कारण तोंड भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी शहाणा झालो आणि चित्रात आधीच पोळीचा एक कोपरा मोडलेला दाखवला, म्हणजे पुढं संधी मिळाल्यावर ताट चित्राशी जुळवून घेता येईल. पण चित्रात घास गेलेला आणि ताटात पोळी साबूत, हे तिनं जाता जाता पकडलं. ती चिडली नाही. नुसतं म्हणाली की शाळेतल्या पोरांना तुम्ही असंच शिकवलं का, आणि त्यानंतर बेल वाजली तर दार उघडायला मलाच पाठवू लागली.

आता खरी गोष्ट येते आहे, म्हणून जरा पाणी पिऊन घेतो.

तुपाचं सांगतो. थंडीचे दिवस, तूप थिजायचं. थिजलं की चमक जाते आणि पांढरट पापुद्रा येतो, आणि पुरणपोळीच्या चित्रात चमक नसेल तर ते चित्र वाळलेल्या शेणीचंही म्हणून खपेल. म्हणून मी चित्र काढता काढता सांगायचो, आवडा, तूप सोड गं वरून. ती गरम तूप आणून सोडायची. थोड्या वेळानं पुन्हा थिजायचं, मी पुन्हा सांगायचो. एका पोळीवर दिवसभरात किती वेळा तूप पडायचं ते मला माहीत नाही, मी चमकेकडं बघत होतो. संध्याकाळपर्यंत ती पोळी तुपानं निथळत असायची आणि तीच ती खायची. तूप तुमच्याच घरचं, वहिनींच्या हातचं, तुमचा सोमनाथ शेंद्र्याला कामावर येताना मोटारसायकलीवर आणून द्यायचा तेच.

मध्ये एकदा तिनं हे थांबवलंही होतं. ती पहाऱ्याला बसलेली असताना मी तिला चरित्रं वाचून दाखवायचो. त्यात सेझान नावाचा चित्रकार आला. तो इतका सावकाश चित्र काढायचा की समोरची सफरचंदं सडून जायची, फुलं सुकायची, म्हणून तो शेवटी कागदी फुलं मांडू लागला. आवडानं ते नीट ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून प्लास्टिकची केळी-आंबे आणून माझ्यापुढं ठेवले आणि म्हणाली, आता आजपासून हे काढा, थोर माणसाला चालतं तर तुम्हाला काय झालं. मी त्या केळ्यांकडं बघितलं, ब्रश खाली ठेवला आणि खिडकीत जाऊन बसलो. जेवलोही नाही. (दुधी होता, त्यामुळं त्यागाचं श्रेय फार घेत नाही.) सकाळी उठून बघतो तर गॅसवर पुरण आणि फ्रिजच्या कडेला प्लास्टिकची केळी उलटी पडलेली. तेव्हाच मला समजायला हवं होतं. पण मला वाटलं, कलेचा विजय झाला.

प्रदर्शन गेल्या रविवारी झालं. माझी पुरणपोळी मधल्या भिंतीवर होती. लोक तिच्यासमोर थांबत होते आणि गिळत होते, यापेक्षा मोठी दाद मला आयुष्यात मिळालेली नाही. आमचे हृदयाचे डॉक्टरही आले होते. त्यांनी माझे नवे रिपोर्ट आदल्याच दिवशी बघितले होते. चारचौघांत त्यांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, असा पेशंट हजारात एक, एवढं चित्र काढलं आणि घास खाल्ला नाही. मी मान खाली घातली. मान वर केली तेव्हा जिन्यात गलका झाला होता. हॉल पहिल्या मजल्यावर आहे. आवडा मागून येत होती, ती जिन्याच्या मध्यावर कठड्याला धरून खाली बसली होती, कपाळावर घाम, हात छातीवर. मला बघून म्हणाली, “काय नाय. पित्त खवळलंय.” डॉक्टरांनी तिची नाडी धरली आणि इकडचेतिकडचे चार प्रश्न विचारले. मग कळलं की महिनाभर तिला जिना चढताना दम लागतो आहे. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, यांना उद्याच घेऊन या.

ती येत नाही, आप्पासाहेब. मी विनवलं, ऋतुराज रागावला, प्रेरणा तर रडली. एकच धोशा, दुखणं यांचं आहे, मला काय धाड भरली आहे, आमची आई वाटीनं तूप प्यायची. डॉक्टर म्हणतात दोन-तीन महिन्यांच्या तुपानं एवढं होत नाही, आधीपासून काहीतरी असणार, पण तूप बंद करा आणि तपासल्याशिवाय राहू नका. ते डॉक्टर आहेत, त्यांना तसं म्हणता येतं. मला मात्र झोपताना माझाच आवाज ऐकू येतो, आवडा, तूप सोड गं. परवा मी तिला म्हणालो की तुला आवडत नव्हतं तर खात कशाला होतीस, मला सांगायचं, मी चित्र काढलं नसतं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “तुम्ही खिडकीत बसून मरणाच्या गोष्टी करीत व्हते. चितराला बसले तव्हा मला माझा माणूस माघारी मिळाला. त्यापायी दोन घास जास्ती गेले तं काय झालं?”

मी तिथून उठून बाहेर आलो. इतक्या थोर लोकांची चरित्रं मी वाचली, कोण काय खायचा ते पान न पान शोधलं. त्यांच्यापुढचं ताट नंतर कुणी संपवलं ते मात्र कुठंच लिहिलेलं नाही, आणि मलाही ते शोधावंसं वाटलं नाही.

बाकी ठीक. तुमचा गुडघा सांभाळा. लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
रामकिसन

ता. क. सोमनाथजवळ गेल्या खेपेला मी ‘चित्रासाठी तूप जरा जास्त लागतंय’ असा निरोप दिला होता. तो निरोप मी मागं घेतो. हे पत्र ज्या बरणीत घालून पाठवतो आहे ती बरणी वहिनींनी भरून परत पाठवू नये. आवडानं फोनवर मागितलं तरी गाय आटली म्हणून सांगा.

आणखी ता. क. खरं काम हे आहे. येत्या सोमवारी तुम्ही इकडं या. आल्यावर पाणी मागा, एक घोट घेऊन तांब्या खाली ठेवा आणि छातीवर हात ठेवून बसा. जास्त बोलू नका. आवडा स्वतःसाठी उंबरा ओलांडायची नाही, पण आप्पाला दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर चप्पल घालायलाही थांबणार नाही. डॉक्टरांना सगळं सांगून ठेवलं आहे. ते आधी तुमचा कार्डिओग्राम काढतील, मग सोबतच्या बाईंचाही काढू म्हणतील, आणि एवढं जमलं की पुढचं ते बघून घेणार आहेत. तुम्हाला खोटं बोलणं जमत नाही हे मला माहीत आहे, तरी माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी करा. आणि हात डाव्या बाजूला ठेवा. मागं गुडघ्याचं दुखणं सांगताना तुम्ही दोनदा पाय बदलला होता, तसं यावेळी नको.

शेवटचं ता. क. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. काल मी आवडाला सांगितलं की मंडळाचं पुढचं प्रदर्शन दुधीवर आहे. (असं कुठलंही प्रदर्शन नाही.) तिनं बिनतेलाची दुधीची भाजी आणि ज्वारीची भाकरी ताटात मांडली, स्टूल घेऊन समोर बसली आणि मी दिवसभर दुधी काढला. संध्याकाळी ताट उचलताना ती थांबली. म्हणाली, “हे तं तुम्हाला बी चालतंय. मंग अर्धं अर्धं खाऊ.” आम्ही दोघांनी एकाच ताटात खाल्लं. चव होती असं मी म्हणणार नाही. तरी आप्पासाहेब, सोमवारी येताना मळ्यातले दुधी घेऊन या. कोवळे बघून आणा आणि भरपूर आणा, मला अजून पुष्कळ चित्रं काढायची आहेत.